कल्याणकारी राज्याच्या खातेवहीत स्त्रीचे नाव

राजा हा प्रजेचा पिता, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृत काव्यांनी तिचा गौरव केला आणि कीर्तनांतून, पोवाड्यांतून ती आपल्या कानांवर पिढ्यानपिढ्या येत राहिली. विसाव्या शतकात राजे गेले, पण पित्याची ती जागा रिकामी राहिली नाही. ती राज्यसंस्थेने घेतली. वृद्धास निवृत्तिवेतन, आजाऱ्यास औषध, बेकारास भत्ता, बाळंतिणीस साहाय्य आणि मुलास शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य होय, असे जे मानते त्या राज्यास आपण कल्याणकारी राज्य म्हणू लागलो. परंतु पित्याच्या घरीही सर्व अपत्यांचा वाटा सारखा असतोच असे नाही. मुलाच्या वाटीत किती दूध पडते आणि मुलीच्या वाटीत किती, हे ज्याने त्याने आपापल्या घरात आठवून पाहावे. तेव्हा राज्यसंस्था प्रजेची पिता झाली त्या वेळी तिने स्त्रियांचे आणि पुरुषांचे वाटे कसे घातले, हा प्रश्न विचारणे वावगे होणार नाही. आज आम्ही तोच विचारणार आहोत.

यावर दोन प्रकारचे लोक दोन प्रकारची उत्तरे देतात. एक म्हणतात, जे मुळीच नव्हते ते राज्याने दिले. मग दिल्या दानाचे दात मोजावे कशाला? दुसरे म्हणतात, राज्य म्हणजे समाजाचा आरसा. समाजात विषमता असेल तर आरशात ती दिसणारच. या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. कल्याणकारी राज्य दान करीत नाही, ते लोकांच्याच करातून आणि वर्गणीतून हक्क निर्माण करते. आणि ते नुसता आरसाही नव्हे. आरसा चेहरा बदलीत नाही, कायदा बदलतो. रूढी आज आहे, उद्या ढिली होईल. पण तीच रूढी सरकारी नमुन्याच्या रकान्यात शिरली म्हणजे समाज पुढे गेला तरी रकाना मागे राहतो, आणि चालत्या माणसांचे पाय धरून ठेवतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, राज्याने स्त्रीस किती दिले एवढेच पाहून भागत नाही. जे दिले ते कोणाच्या नावाने लिहिले, हे आधी पाहिले पाहिजे. इतिहासाचा दाखला घेऊनच हे म्हणणे तपासून पाहू.

आरंभ इंग्लंडपासून करू, कारण कल्याणकारी राज्याचा जो आराखडा जगभर गाजला तो तेथला. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ च्या डिसेंबरात, सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल विकत घेण्यासाठी लोकांनी दुकानापुढे रांगा लावाव्या, ही अपूर्व गोष्ट त्या वेळी लंडनमध्ये घडली, आणि अहवालाच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी या पाच राक्षसांशी युद्ध पुकारणारा हा गृहस्थ आपल्याला अगदीच परका नव्हे. त्याचा जन्म १८७९ साली बंगालमध्ये रंगपूर येथे झाला. वडील तेथे न्यायखात्यात होते. आई ॲनेट ॲक्रॉइड ही स्त्रीशिक्षणासाठी हिंदुस्थानात आलेली, कलकत्त्यास १८७३ साली हिंदू महिला विद्यालय काढणारी आणि पुढे बाबराच्या आत्मचरित्राचे तुर्की मुळावरून इंग्रजी भाषांतर करणारी विदुषी होती. अशा मातेच्या पुत्राने स्त्रीजातीस तुच्छ लेखले असेल, असे कोणी म्हणणार नाही. आणि त्याने तसे लेखलेही नाही. म्हणूनच त्याच्या योजनेत जे झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

बेव्हरिजने सर्व प्रजेचे सहा वर्ग पाडले. नोकरी करणारे हा पहिला वर्ग, स्वतंत्र धंदा करणारे दुसरा, आणि संसार करणाऱ्या विवाहित स्त्रिया हा तिसरा. गृहिणीस स्वतंत्र वर्ग द्यावा, ती पतीवर पोसली जाणारी आश्रित नव्हे तर त्याची सहकारी आहे, तिचे घरकाम बिनपगारी असले तरी राष्ट्रास अत्यावश्यक आहे, असे त्याने आवर्जून लिहिले. हा गौरव खरा होता. पण गौरवाच्या पुढच्या पानावर हिशेब होता. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे आठांपैकी सातांहून अधिक विवाहित स्त्रिया घराबाहेर अर्थार्जन करीत नव्हत्या. त्यावरून बेव्हरिजने असे धरले की विवाहित स्त्रीचा निर्वाह पतीच्या मिळकतीवर चालतो, म्हणून तिचा विमाही पतीच्या वर्गणीत असावा. लग्न होताच तिचे विम्याच्या दृष्टीने नवे आयुष्य सुरू व्हावे, म्हणजे कुमारी असताना तिने भरलेल्या वर्गणीचे हक्क मागे पडावे, अशी योजना झाली. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलून तांदळात नवे नाव लिहितात. तसाच काहीसा हा विधी सरकारच्या वहीत उरकला गेला म्हणावयाचे!

या अहवालाच्या आधारे १९४६ चा राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ पासून तो अमलात आला. एकट्या माणसास आठवड्यास २६ शिलिंग निवृत्तिवेतन, आणि जोडप्यास ४२. म्हणजे पतीच्या वर्गणीवर पत्नीचे म्हणून १६ शिलिंग. जी विवाहिता नोकरी करीत असेल तिला वर्गणी भरण्याची किंवा न भरण्याची मुभा होती. न भरली तर आजारपण आणि बेकारी यांसाठी तिला स्वतःचा आधार नाही. भरली तर आजारपणाचा भत्ता अविवाहितेपेक्षा कमी. शिवाय लग्नापासून साठाव्या वर्षापर्यंतच्या काळापैकी निदान निम्म्या काळाची वर्गणी नसेल, तर स्वतःच्या वर्गणीवर तिला निवृत्तिवेतनच नाही. मग मधली पंधरा वर्षे तिने भरलेला पैसा पाण्यात! मुलांच्या संगोपनासाठी जिने काही वर्षे नोकरी सोडली, तिला ही अट पुरी करणे किती कठीण होते हे सांगावयास नको. साहजिकच बहुतेक विवाहित नोकरदार स्त्रियांनी वर्गणी न भरण्याचाच मार्ग पत्करला. त्यात त्यांचा दोष नव्हता. ज्या विहिरीला पाणी लागणार नाही ती कोण खणील?

एलिझाबेथ ॲबट आणि कॅथरिन बोंपस या दोन स्त्रियांनी १९४३ सालीच एक पुस्तिका लिहून या योजनेचे मर्म उघड केले होते. त्यांची तक्रार भत्ता कमी की जास्त अशी नव्हती. विवाहित स्त्री, मग ती श्रीमंत असो वा गरीब, घरात राबणारी असो वा कारखान्यात, तिला राज्याशी स्वतःचे असे नाते या योजनेने ठेवलेले नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुरुष राज्याचा सभासद; स्त्री सभासदाची बायको. हे नाते टिकते तोवर ठीक. पण पती सोडून गेला तर? बेव्हरिजलाही हा प्रश्न सुचला होता, आणि स्वतःचा दोष नसता विभक्त झालेल्या स्त्रीस काही भत्ता मिळावा असे त्याने सुचविले होते. परंतु दोष कोणाचा हे विमाकचेरीने कसे ठरवावे, या अडचणीत ती सूचना मागे पडली. ज्या प्रसंगी आधाराची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच प्रसंगी वहीतील नाव पुसले जाई.

याच इंग्लंडात याच वेळी याच्या उलट दिशेचा एक प्रयत्न सिद्धीस गेला. त्याची कथा सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. एलिनॉर रॅथबोन ही लिव्हरपूलच्या एका सुखवस्तू व्यापारी घराण्यातील स्त्री. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या पत्नींस सरकारकडून प्रत्यक्ष भत्ता मिळत असे, आणि त्याच्या वाटपाचे काम तिने आपल्या गावात पाहिले होते. नवरा रणांगणावर, पैसा थेट बायकोच्या हाती, आणि घरातील मुले पूर्वीहून बऱ्या स्थितीत, हे दृश्य तिने जवळून पाहिले. त्यावरून तिच्या मनात जो विचार रुजला तो तिने १९२४ साली ग्रंथरूपाने मांडला: मजुरी कामास पाहून मिळते, घरातील तोंडे पाहून नव्हे, म्हणून मुलांचा खर्च समाजाने उचलावा आणि तो मातेच्या हाती द्यावा. १९२९ पासून ती पार्लमेंटची सभासद होती. हिंदी स्त्रियांच्या प्रश्नांवर तिने उपदेशकाचा जो सूर लावला होता तो आमच्याकडील कार्यकर्त्या स्त्रियांस मुळीच रुचला नव्हता, आणि त्यांनी तसे तिला तोंडावर सुनावलेही होते. पण स्वदेशातील तिची ही झुंज मात्र निर्मळ होती.

वीस वर्षांच्या या झुंजीचे फळ १९४५ साली दृष्टिपथात आले. कुटुंबभत्त्याचे विधेयक सरकारने मांडले. पहिले मूल वगळून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्यास पाच शिलिंग. पण विधेयकात लिहिले होते की हा पैसा पित्याचा! रॅथबोन बाई संतापल्या. जिच्यासाठी आयुष्य वेचले त्या विधेयकाविरुद्धच आपण मत देऊ, असे त्यांनी बजावले. अखेर सरकारने पक्षाचा आदेश मागे घेऊन सभासदांस मुक्तपणे मत देऊ दिले, आणि 'पिता' या शब्दाच्या जागी 'माता' हा शब्द आला. एका शब्दाचा हा बदल. खजिन्यातून एक शिलिंगही अधिक जाणार नव्हता. तरीही एवढा झगडा का झाला, याचा विचार करावा. पैसा तोच असला तरी तो कोणाच्या हातून घरात येतो यावर घरातील शब्दाचे वजन ठरते, हे दोन्ही पक्षांस पुरते ठाऊक होते. १९४६ च्या ऑगस्टात पोस्टाच्या कचेऱ्यांतून भत्त्याचे पहिले वाटप झाले. तो दिवस पाहण्यास रॅथबोन बाई उरल्या नव्हत्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्या निवर्तल्या.

ही भावनेची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. तर पुढचे ऐका. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडने पित्याच्या करातील मुलांमागची सूट रद्द करून तिच्याऐवजी मातेच्या हाती बालभत्ता देण्याचे ठरविले. १९७६ साली त्यावर मोठी खळबळ माजली. पुरुषाच्या पाकिटातील पैसा स्त्रीच्या बटव्यात जाणार, याची कामगार पुढाऱ्यांनाही धास्ती वाटली, आणि सरकार कचरले. तरी १९७७ पासून हा बदल टप्प्याटप्प्याने झालाच. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळच्या घरखर्चाचे आकडे तपासले. पुरुषांच्या कपड्यांवरील खर्चाच्या मानाने स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरील खर्च वाढलेला त्यांस आढळला. कुटुंब म्हणजे एक मन आणि एक थैली, असे जे अर्थशास्त्राचे गृहीत होते त्यास मुलांच्या कपड्यांनी खोटे पाडले.

बेव्हरिजचा रकाना मात्र चिवट निघाला. १९७६ साली आजारी नातेवाइकाच्या सेवेसाठी नोकरी सोडणाऱ्यास भत्ता देण्याची योजना सुरू झाली, पण विवाहित स्त्रीस तो मिळावयाचा नाही. कारण काय? तर ती घरी असावयाचीच! १९७७ साली अपंगत्वाचे एक निवृत्तिवेतन विवाहित स्त्रियांस लागू केले, तेव्हा नियम असा की पुरुषाने तो काम करण्यास असमर्थ आहे एवढे दाखवावे, पण विवाहितेने शिवाय घरची नेहमीची कामे करण्यासही असमर्थ असल्याचे सिद्ध करावे. जे घरकाम राष्ट्रास अत्यावश्यक म्हणून गौरविले होते, तेच आता तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. पहिली अट १९८६ साली सुटली. आईच्या सेवेसाठी नोकरी सोडलेल्या एका विवाहितेने युरोपीय न्यायालयापर्यंत दाद मागितली तेव्हा कोठे ती सुटली. दुसरी १९८४ पर्यंत टिकली. आयकराच्या कायद्यात तर पत्नीचे उत्पन्न हे पतीचेच उत्पन्न मानले जाई; पत्नीने करकचेरीस पत्र लिहावे आणि उत्तर पतीच्या नावाने यावे, असाही काळ होता. पत्नीवर स्वतंत्र कर आकारणे इंग्लंडात सुरू झाले ते १९९० साली. बेव्हरिजने १९३१ च्या शिरगणतीवर आधारलेला हिशेब एकोणसाठ वर्षांनंतरही पुरता मिटला नव्हता. दरम्यान इंग्लंडच्या विवाहित स्त्रिया लाखांनी नोकरीत शिरल्या होत्या. समाज पुढे गेला, रकाना मागे राहिला, असे आम्ही आरंभी म्हटले ते यामुळेच.

मग दुसरा मार्ग नव्हता काय? होता. तो उत्तरेकडे, स्वीडनमध्ये, चोखाळला गेला. तेथेही आरंभ स्त्रीस्वातंत्र्यातून झाला नाही. तो जन्मसंख्या घटल्याच्या भीतीतून झाला. आल्वा आणि गुन्नार म्यूर्दाल या पतिपत्नींनी १९३४ साली लोकसंख्येच्या पेचप्रसंगावर एक ग्रंथ लिहिला. माणसे मुले होऊ देत नाहीत याचा दोष स्त्रियांच्या नोकरीवर ठेवण्याचा त्या वेळी प्रघात होता. म्यूर्दाल दांपत्याने प्रश्न उलटा केला. नोकरी करणाऱ्या स्त्रीस मूल होण्याचा हक्क आहे. तो तिला बजावता येईल अशी व्यवस्था राज्याने करावी. १९३९ साली स्वीडनने कायदाच केला की लग्न झाले किंवा दिवस गेले या कारणावरून कोणत्याही स्त्रीस नोकरीवरून काढता येणार नाही. या आल्वा म्यूर्दाल पुढे १९५५ ते १९६१ या काळात आपल्या देशात स्वीडनच्या राजदूत होत्या आणि १९८२ साली निःशस्त्रीकरणाच्या कार्यासाठी त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, हे श्रोत्यांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

१९६० नंतर तेथे कारखान्यांस माणसे अपुरी पडू लागली. परदेशांतून मजूर आणावे किंवा घरातील स्त्रियांस बाहेर येऊ द्यावे, असा सरळ व्यवहाराचा प्रश्न होता. त्याच सुमारास एक नवा विचारही बळावत होता. स्त्रीने घर सांभाळून नोकरी करावी, म्हणजे दोन भूमिका बजावाव्या, हे सूत्र अपुरे आहे. दोन भूमिका असतील तर त्या पुरुषासही असल्या पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांस १९६८ साली सादर केलेल्या निवेदनात स्वीडनच्या सरकारने हा विचार अधिकृतपणे मांडला. गरज आणि विचार यांची अशी सांगड पडली की कायदे लवकर होतात. १९७१ साली पतिपत्नींच्या मिळकतीवर वेगवेगळा कर आला. त्याचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. चढत्या दराने कर असेल आणि दोघांची मिळकत एकत्र धरली, तर पत्नीने मिळविलेल्या पहिल्याच रुपयावर पतीच्या शेवटच्या रुपयाइतका जबर कर बसतो. घरात हिशेब होतो आणि 'तुझी नोकरी परवडत नाही' असा निकाल लागतो. कर वेगळा होताच तो निकाल फिरला. १९७४ साली मातेच्या प्रसूतिभत्त्याच्या जागी पालकविमा आला. सहा महिने, पगाराच्या नव्वद टक्के, आणि तो माता किंवा पिता कोणीही घ्यावा. याचा पैसा सर्व मालकांकडून एकंदर वेतनाच्या प्रमाणात गोळा होई. त्यामुळे स्त्रीस नोकरी देणाऱ्या मालकावर वेगळा भार पडत नसे. सार्वजनिक बालगृहेही त्याच दशकात वाढू लागली.

येथे राज्याच्या वहीत पत्नी हा रकानाच उरला नाही. माणूस आणि त्याचे मूल एवढेच उरले. पण म्हणून स्वीडनमध्ये समता अवतरली असे सांगून आम्ही श्रोत्यांची दिशाभूल करणार नाही. पालकविम्याचे दार पित्यास उघडे होते, पण पहिल्या वर्षी एकूण दिवसांपैकी पित्यांनी घेतलेले दिवस शेकडा एकही भरले नाहीत. दार उघडल्याने कोणी आत येतोच असे नाही. शेवटी १९९५ साली असा नियम करावा लागला की एक महिना दुसऱ्या पालकासाठी राखीव. त्याने न घेतला तर तो बुडेल. पुढे २००२ साली दोन महिने झाले, २०१६ साली तीन. तेव्हा कोठे पित्यांचा वाटा वाढत गेला. दुसरे असे की, घरातून बाहेर आलेल्या स्त्रिया बहुसंख्येने गेल्या त्या बालगृहांत, रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत. जे काम त्या घरात बिनपगारी करीत तेच आता पगारी झाले, हा लाभ लहान नव्हे. पण खाजगी उद्योगांतील वरच्या जागा पुष्कळ काळ पुरुषांच्याच राहिल्या. आणि १९९० मध्ये विधवांचे निवृत्तिवेतन हळूहळू बंद करण्याचा कायदा अमलात आला. प्रत्येक स्त्री स्वतः मिळवती आहे असे मानणाऱ्या राज्यात, जिने उभा जन्म संसारात घालविला तिचे काय, हा प्रश्न उरतोच. पत्नी म्हणून बांधून ठेवणारा रकाना वाईट. पण माणसाचे आयुष्य न पाहता तो एका फटक्यात खोडणेही निर्दोष नव्हे.

गोस्टा एस्पिंग-आंडरसन या डॅनिश पंडिताने १९९० साली कल्याणकारी राज्यांचे तीन प्रकार केले, आणि श्रम विकल्यावाचून माणूस किती काळ जगू शकतो ही कसोटी लावली. त्यावर स्त्री-अभ्यासकांनी जे उत्तर दिले ते आमच्या प्रतिपादनास पूरक आहे. त्या म्हणाल्या, बाजारापासून सुटका ही बाजारात गेलेल्याची गरज. जी अजून उंबऱ्याच्या आतच आहे तिची पहिली गरज ही की, लग्नाच्या आधारावाचून तिला स्वतःचे आणि मुलांचे पोट भरता यावे. राज्य तिला हे बळ देते काय, हीच खरी कसोटी.

ही कसोटी आता आपल्या अंगणात लावून पाहू, कारण मुंबई इलाख्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. कारखान्यातील स्त्रियांस प्रसूतिकाळी साहाय्य देणारा हिंदुस्थानातील पहिला कायदा १९२९ साली मुंबई इलाख्यात झाला. १९२८ साली कायदे कौन्सिलात त्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगून त्यांनी हेही कबूल केले की या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, कारण लोककल्याण हे प्रथम सरकारचे काम. कायद्याने मात्र तो भार मालकावर टाकला. हेतू उत्तम, पण गिरणीमालकाच्या दृष्टीने स्त्रीकामगार पुरुषाहून महाग झाली. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढील दशकांत तो सारखा घटत गेला. रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांची नवी मांडणी हीही त्याची कारणे होती, पण मालकावर पडणारा हा खर्च त्यांतील एक होता, हे नाकारता येत नाही. १९४८ च्या कामगार विमा कायद्याने सामाईक निधीचा शहाणा मार्ग दाखविला. तरी १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याखाली आणि २०१७ साली रजा बारा आठवड्यांची सव्वीस करणाऱ्या दुरुस्तीतही, विम्याच्या कक्षेबाहेरील स्त्रियांचा खर्च त्या त्या मालकाच्याच माथी राहिला. बाबासाहेबांनी केलेली सूचना नव्वद वर्षांनंतरही पुरती अमलात आली नव्हती.

याच्या उलट, महाराष्ट्राने जगास दाखवावा असाही एक धडा घालून दिला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने मोठे रूप घेतले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यात हमी होती ती ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ माणसास. कुटुंबास नव्हे, कुटुंबप्रमुखास नव्हे. मागेल त्याला काम, आणि मागेल तिलाही काम. कामाचे दर दोघांस एकच. बायाबापड्या, त्यांत कितीतरी विधवा आणि टाकलेल्या, फावडे-घमेले घेऊन हजारोंनी कामावर आल्या, आणि हजेरीपटावर त्यांचे स्वतःचे नाव चढले. पुढे २००५ साली केंद्राने केलेल्या कायद्यात निदान एकतृतीयांश काम स्त्रियांस देण्याची चांगली तरतूद आली, पण शंभर दिवसांची हमी मात्र कुटुंबामागे धरली गेली. माणूस जाऊन पुन्हा घर हे माप आले. आणि महाराष्ट्राची ती योजना चालविण्यासाठी १९७५ साली जो व्यवसायकर बसविला, तो भरला तुम्हीआम्ही शहरवासीयांनी. पगारपत्रकातील ती लहानशी कपात पाहून कपाळास आठ्या घालणाऱ्यांनी हेही आठवावे की, त्या पैशातून कोणा एका बाईच्या हाती तिच्या आयुष्यातील पहिली स्वतःची मजुरी पडली असेल.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने लाडक्या बहिणींची योजना काढली. वर्षाला अडीच लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातील स्त्रीस महिना पंधराशे रुपये, आणि ते तिच्या स्वतःच्या बँकखात्यात. पैसा तिच्या हाती, ही रॅथबोन बाईंचीच कल्पना, आणि ज्या घरात पंधराशे रुपयांचे मोल आहे तेथे ती थट्टेचा विषय नव्हे. तथापि अटी वाचल्या तर विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असे रकाने दिसतात, आणि कुटुंबातील अविवाहित स्त्री घ्यावयाची ती एकच. पैसा स्त्रीच्या नावाने, पण तिची ओळख पुन्हा नात्यावरूनच. इंग्लंडने तिला पत्नी म्हटले, आपण बहीण म्हटले. बहीण हे नाते गोड आहे. पण ओवाळणी भावाच्या खुशीवर असते, वाटा कायद्याने मिळतो. आणि बहिणीने वाटा मागितला की ते गोड नाते किती आंबते, हे आपल्या कोर्टकचेऱ्यांस चांगले ठाऊक आहे.

इतिहासातून एवढे दिसते की, स्त्रियांविषयी आदर बाळगणाऱ्या माणसांनीही असे कायदे केले की ज्यांनी स्त्रियांस पराधीन ठेवले. आणि केवळ मजुरांची टंचाई भागविण्यासाठी केलेल्या कायद्यांनी त्यांस पुष्कळ मोकळे केले. तेव्हा राज्यकर्त्याचा हेतू पाहून हुरळू नये आणि हेतू पाहून निराशही होऊ नये. कोणतीही नवी योजना जाहीर झाली की तिचा छापील नमुना मागवावा आणि शांतपणे वाचावा. अर्जदाराचे नाव कोणाचे, खर्चाचा भार कोणावर, आणि लग्न मोडले, पती वारला, किंवा मुलीने लग्नच केले नाही, तर हा हक्क उरतो की जातो? ही तीन उत्तरे ज्या योजनेत स्त्रीच्या बाजूची असतील ती दोन रुपयांची असली तरी मोठी. ती नसतील, तर रक्कम कितीही असो, राज्याने तिला जेवू घातले, पण पाटावर तिचे नाव घातले नाही, असेच म्हणावे लागेल.